झेरॉक्स काढायला गेलेले वडील

नव्वदीच्या दशकात बडोद्यातल्या कितीतरी बापांना मी विनाकारण पाणीगेटपर्यंत पायपीट करायला लावली. आता माझं वय झालंय, कोणी भांडायला येणार नाही, म्हणून कबूल करून टाकते. त्या झेरॉक्स कशालाही लागत नव्हत्या.

कॉलेजच्या ऑफिसात माझी तीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी प्रवेशाच्या टेबलावर. निवृत्त झाल्यावर घरी बसून सुनेच्या कामात लुडबुड करण्यापेक्षा मांडवीजवळ आमच्या मराठी मंडळाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी बसायला लागले. दारावर पाटी लावली होती, ‘बारावीनंतर पुढे काय? मोफत मार्गदर्शन.’ लोक त्यातला ‘मोफत’ तेवढा वाचायचे आणि जिना चढायचे. कोणी मुलाच्या प्रवेशासाठी यायचं, कोणी रेशनकार्डावरचं नाव बदलायला. एकदा एक गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन आले. मी म्हटलं, “अहो, इथे मार्कांची पत्रिका बघतात, ग्रहांची नाही.” तर म्हणाले, “आलोच आहे तर बघा की.”

आमच्या वेळी काम सोपं होतं. डॉक्टर, इंजिनियर, आणि दोन्ही जमलं नाही तर बी.कॉम. करून बँकेची परीक्षा. मग एकदम सगळी दारं उघडली. गावोगाव नवी कॉलेजं निघाली, घरातल्या कोणाला उच्चारता येणार नाहीत अशा नावांचे कोर्स आले. ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर. त्याच वेळी आमच्या लोकांच्या नोकऱ्या डळमळायला लागल्या होत्या. आजोबा संस्थानच्या दप्तरात, वडील कारखान्यात नाहीतर ऑफिसात, चिकटले की चिकटले, अशी आमची घरं. आता पंचेचाळिशीतल्या माणसाच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद येत होता. स्वेच्छा कसली डोंबलाची! तो घाबरलेला बाप पोराला घेऊन माझ्यापुढे बसायचा. त्याला आयुष्यात पुन्हा चूक करायची नसायची, आणि ती न करण्याची सगळी जबाबदारी पोराच्या डोक्यावर असायची.

माझं खरं काम म्हणजे यादी. मार्कांवरून प्रत्येकाला एक नंबर मिळायचा. त्या नंबराप्रमाणे मुलांना अमदावादला एका मोठ्या हॉलमध्ये बोलवायचे. समोर फळा असायचा. कुठल्या गावी, कुठल्या शाखेच्या किती जागा उरल्या, ते त्यावर खडूनं लिहिलेलं असायचं आणि एकेक जागा गेली की पुसून नवा आकडा टाकायचे. तुमचा नंबर पुकारला की टेबलापाशी जायचं आणि दोन मिनिटांत काय हवं ते सांगायचं. एकदा सांगितलं की सांगितलं. गैरहजर राहिलात तर पुढचा माणूस जागा घेऊन मोकळा. म्हणून आपल्याला पहिलं काय हवं, ते नाही मिळालं तर दुसरं काय, तिसरं काय, हे घरूनच ठरवून जावं लागायचं. ती यादी मी करून द्यायची.

घोडं पेंड खायचं ते भलतीकडेच. मी मुलाला विचारायची, “काय करावंसं वाटतं रे तुला?” आणि वडील सांगायचे, “त्याला कॉम्प्युटर करायचंय.” “आवडता विषय कुठला?” “मॅथ्स,” परत वडीलच. एकाला तर मी नाव विचारलं, तेही वडिलांनीच सांगितलं. मुलगा नुसता माझ्या टेबलावरची टाचणी वाकवत बसला होता.

हा मुलगा समा भागातल्या एका साहेबांचा, निखिल. त्याच्या गुणपत्रिकेची एक प्रत खरोखरच कमी होती, म्हणून साहेब खाली गेले. दार लागलं न लागलं तोच पोरगं म्हणालं, “काकू, मला दुधाचं शिकायचंय. आणंदला.” शाळेच्या सहलीत त्यानं तिथली डेरी पाहिली होती. दोन वर्षं हे मनात ठेवून होता. मी पुढच्या रविवारी साहेबांना हळूच सुचवलं, तर साहेब ताडकन उभे राहिले, “म्हणजे आमचा मुलगा गवळी होणार?” तीन रविवार आम्ही भांडलो. शेवटी मुलगा आणंदला गेला, आणि पहिली नोकरी लागल्यावर साहेब स्वतः पेढे घेऊन जिना चढले. पेढे देताना म्हणतात, “मी तर पहिल्यापासून म्हणत होतो.”

तेव्हापासून माझी पद्धतच झाली. आईवडील बसले की मी कागद चाळायची, चष्मा वर करायची आणि म्हणायची, “आणखी दोन झेरॉक्स लागतील.” समोरच जयंतीभाईचं झेरॉक्सचं दुकान होतं. म्हणून मी आवाज खाली आणून सांगायची, “समोर नको हं, त्याच्या मशीनची काळी रेघ उमटते. पाणीगेटला जा, तिथला स्वच्छ काढतो.” जायला दहा मिनिटं, यायला दहा, वर रांग. तेवढ्यात पोरं मनातलं सगळं ओकून टाकायची. फक्त एका आईनं मला हरवलं. पिशवी उघडून म्हणाली, “प्रत्येकाच्या सहा आणल्यात. आणखी काय लागेल ते पिशवीतच आहे, मी काही हलत नाही.”

जयंतीभाईला ही काळ्या रेघेची गोष्ट कळायची ती कळलीच. तो तणतणत वर आला. मी त्याला खरं कारण सांगितलं, तेव्हा पोट धरून हसला. तेव्हापासून आमची दोस्ती झाली आणि माझी बदनामी तो निमूट सोसायला लागला.

इतकं सगळं छान चालल्यावर माणसाला जे होतं तेच मला झालं. शिंगं फुटली. त्या वीस मिनिटांत पोरगं जे बोलतं ते शंभर टक्के खरं, बाकी सगळं आईबापाचं, असं मी धरूनच चालले. मोहनराव आणि शर्वरी आले ते नेमके त्याच दिवसांत.

मोहनराव तरसालीला राहायचे, मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळायचे. उंच, इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. घरात बापलेक दोघंच. शर्वरीचे मार्क चांगले होते. बडोद्यातलं इंजिनियरिंग थोडक्यात हुकत होतं, पण भावनगरच्या सरकारी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स नक्की मिळण्यासारखं होतं. फी परवडण्यासारखी. सोसायटीतले बिघडलेले रेडिओ आणि मिक्सर हीच पोरगी दुरुस्त करते, असं मोहनरावांनी सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. गुरुवारी अमदावादला तिचा नंबर होता.

मी चष्मा वर केला. “आणखी दोन झेरॉक्स लागतील, मोहनराव. गुणपत्रिकेच्या.”

“मी जाते ना,” शर्वरी लगेच उठली.

“तू बस. मला तुझ्याकडून फॉर्म भरून घ्यायचाय.” मी काय कमी मुरलेली होते! मोहनराव क्षणभर थांबले, मग प्लास्टिकची फाइल काखेत मारून निघाले. जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी सावकाश उतरत होते. मला वाटलं, स्वभावच निवांत असेल.

“हं, बोल आता. खरं खरं काय करायचंय?”

“बी.एस्सी.,” ती म्हणाली. “इथेच, बडोद्यात.”

“आणि इलेक्ट्रॉनिक्स?”

“नाही आवडत.”

“अगं, मिक्सर कोण दुरुस्त करतं मग?”

“ते असंच.” ती माझ्याकडे बघतच नव्हती. सारखी खिडकीतून खाली रस्त्यावर नजर. मी मनात म्हटलं, बघा, बाप येईल म्हणून कशी धसका घेऊन बसलीय पोर. मी आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर. झालं, माझा निकाल लागला. मुलीला नको आहे, बापाची हौस आहे.

मोहनराव सव्वा तासानं आले. घाम निथळत होता, पँटच्या गुडघ्याला माती लागली होती. त्यांनी कागद पुढे केले. बघते तर लाइट बिलाच्या दोन प्रती. गुणपत्रिका फाइलमध्ये होती तशीच.

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जन्माची खोड. खोलीत आणखी दोन कुटुंबं बसली होती. मी बिल उंच धरून म्हटलं, “वा मोहनराव! लाइट बिलावर ॲडमिशन मिळत असती तर आमच्या घरातले सगळे डॉक्टर झाले असते!” सगळे हसले. मोहनरावही हसले, सगळ्यांत मोठ्यानं. “घाई झाली हो काकू,” म्हणाले. शर्वरी तेवढी हसली नाही. तिनं त्यांच्या हातातून फाइल घेतली आणि त्यांची खुर्ची जरा ओढून त्यांच्या पायाशी आणली.

मग मी माझं नेहमीचं व्याख्यान दिलं. मुलांच्या मनाविरुद्ध शिकवू नये, पोरीला बी.एस्सी. करायचंय, तिची जागा तिच्या आवडीची असावी, वगैरे वगैरे. मोहनराव ऐकत राहिले. त्यांनी एकदाच विचारलं, “शर्वरी, खरंच?” ती “हो” म्हणाली. “मग काकू म्हणतात तसं,” ते म्हणाले. मी भावनगर लिहिलेला यादीचा कागद त्यांच्यादेखत फाडला आणि गुरुवारी अमदावादला जायचं कारण नाही, असंही सांगून टाकलं.

दुपारी खोलीला कुलूप लावून खाली आले, तर जयंतीभाई दुकानाच्या पायरीवर माझी वाटच बघत होता. एरवी हसरा माणूस, त्या दिवशी चक्क चिडला होता. “बेन, पेला काकाने तमे पाणीगेट केम मोकल्या? एमने तो देखातुं नथी!”

“मी पाणीगेटला पाठवलं? कोणाला? आणि दिसत नाही म्हणजे?”

मग त्यानं सगळं सांगितलं. मोहनराव त्याच्याच पाटीखाली उभे राहून त्यालाच विचारत होते, झेरॉक्सच्या दुकानाकडे कुठून जायचं. तो म्हणाला, हे काय, हेच. तर म्हणाले, नाही, बेननी पाणीगेटला सांगितलंय. आणि भिंतीला हात लावत लावत गेले. पुढे एका स्कूटरच्या अंगावर जाता जाता वाचले आणि शेजारच्या दुकानाच्या पायरीला अडखळून पडले. जयंतीभाईनं दुकान टाकून त्यांना उचललं, तर त्यांनी हात जोडून त्याला एकच विनंती केली, वर माझी मुलगी आहे, तिला सांगू नका.

मी तिथेच पायरीवर बसले. आयुष्यात फार वेळा मला स्वतःची लाज वाटलेली नाही, पण त्या दिवशी वाटली. पोरीची नजर खिडकीतून का हलत नव्हती, ते तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं. ती बापाला घाबरत नव्हती, बापासाठी घाबरत होती. आणि मी शहाणी, तिची जागा फाडून टोपलीत टाकून आले होते.

सोमवारी संध्याकाळी रिक्षा करून तरसालीला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं आणि जागच्या जागी उभी राहिले. मोहनरावांनी डोळ्यांवर पंचा घट्ट बांधला होता आणि ते चहा करत होते. तीन पावलं ओट्यापर्यंत, हात डावीकडे, साखरेचा डबा. कपाच्या कडेवर आतून बोट धरून चहा ओतला, बोटाला चटका बसल्याबरोबर थांबले. थेंब सांडला नाही.

“कोण?” त्यांनी पंचा ओढून काढला.

“मी, मंडळातली काकू. माफी मागायला आलेय.”

त्यांनी तोच कप मला दिला. काचबिंदू होता. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते औषधाचे थेंब टाकून जितकं टिकेल तितकं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कारखान्यात अजून कोणाला कळलं नव्हतं. टूलरूममधल्या कुठल्या खणात काय, हे त्यांना वीस वर्षांचं पाठ होतं, त्यावर चाललं होतं.

“आणि हे पंचा बांधून काय चाललंय?”

“सवय करतोय. ती क्लासला गेली की रोज तासभर. भात लावता येतो आता. एकट्यानं राहता आलं पाहिजे ना, ती गेल्यावर.” मग म्हणाले, “पण तुम्ही म्हणालात तिला आवडच नाही.”

“मी गाढव आहे, मोहनराव. तिला सगळं ठाऊक आहे. तुमच्यासाठी राहतेय ती.”

“रोज पेपर मोठ्यानं वाचते,” ते म्हणाले. “वक्तृत्वाची तयारी म्हणून. मलाही खरंच वाटत होतं हो.” त्यांना रडू आलं. मलाही आलं, लपवण्यात अर्थ नव्हता.

मी म्हटलं, आज तिला समोर बसवून बोलू. ते नको म्हणाले. “घरात ती मला गुंडाळेल. आवडत नाही म्हणेल, मी काय करणार? गुरुवारी तिथे नेतो. फळ्यावर काय काय असतं ते मला सांगा. ओळीनं.” मी जुन्या अनुभवावरून गावं आणि शाखा सांगत गेले, ते खण पाठ करावे तसे म्हणत गेले. “आणि तिथे तुम्ही एक शब्द बोलायचा नाही,” असं माझ्याकडून वदवून घेतलं. इतक्या वर्षांत मला गप्प बसायला सांगणारा हा पहिलाच बाप.

शर्वरी अमदावादला यायला तयारच नव्हती. तेव्हा मोहनराव म्हणाले, “ठीक आहे, नंबर आलाय तर मी एकटा जाऊन नको म्हणून सांगून येतो.” एकटा म्हटल्यावर ती मुकाट्यानं निघाली.

हॉलमध्ये तिचा नंबर पुकारला तेव्हा साडेअकरा झाले होते. टेबलाशी ती दोघं उभी राहिली, मी दोन पावलं मागे. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, “शुं लखुं?” म्हणजे काय लिहू. शर्वरी तोंड उघडणार तोच मोहनराव म्हणाले, “शर्वरी, आधी फळा वाच. मला दिसत नाही.”

इतक्या लोकांत, खणखणीत आवाजात. पोरगी पांढरीफटक पडली. तिनं त्यांचा दंड धरला आणि वाचायला लागली. बडोद्यापुढे शून्य. अमदावादपुढे शून्य. मग दोन-तीन खासगी कॉलेजं, फी ऐकूनच माणूस घरी परत जाईल अशी. आणि थांबली.

“भावनगर?” मोहनरावांनी विचारलं.

“भरलं.”

फळ्यावर भावनगर इलेक्ट्रॉनिक्सपुढे दोनचा आकडा मला स्वच्छ दिसत होता. शब्द दिला होता म्हणून मी पदर तोंडात धरला. मोहनराव साहेबांकडे वळले. “साहेब, भावनगर, इलेक्ट्रॉनिक्स. केटली जग्या?”

“बे,” साहेब म्हणाले. “जल्दी करो, काका.”

शर्वरीनं मान खाली घातली. मोहनराव तिला हळूच म्हणाले, “मला राहता येतं ग एकट्याला. चहा येतो, भात येतो. तू घरी नसतेस तेव्हा मी सगळं शिकलोय.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “पंच्याची गाठ सोडायला विसरता तुम्ही. मीच सोडून घडी घालते रोज.”

मोहनराव एवढंसं हसले. “मग तो कशासाठी बांधत होतो, तेही कळलं असेल तुला.”

साहेबांनी घड्याळ बघितलं. मागच्या रांगेतला कोणीतरी कुरकुरला. शर्वरीनं डोळे पुसले, वडिलांचा दंड सोडला आणि साहेबांना म्हणाली, “भावनगर लखो.”